मुरगळलेला पाय, आणि 'घरी पडलो म्हण' असा सल्ला

येळ्ळूरकरीण | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे धाकटे दीर (वय ३०) बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायला आहेत. हजेरी कॉन्ट्रॅक्टरची, पण पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात. १५ सप्टेंबरला सकाळी अकराच्या सुमारास दोघं मिळून मोल्डिंग बॉक्स उचलून नेत होते. खाली सांडलेल्या वाळूत रायझरचा (ओतकामात उरणाऱ्या जादा धातूचा) तुकडा होता. त्यावर डावा पाय पडला आणि घोटा आत वळला. कट्ट असा आवाज जोडीदारालाही ऐकू आला. भावजींनी बॉक्स सोडला नाही. आधी खाली टेकवला, मग बसले. सोडला असता तर जोडीदाराचा पाय गेला असता.

सुपरवायझर आला, पाय बघितला आणि म्हणाला, "मुरगळलाय नुसता. घरी जा, दोन दिवस झोप. डॉक्टरनं विचारलं तर घरी जिन्यावरून पडलो म्हण, उगं लफडं नको."

आमचं घर कौलारू, बसकं. जिना नाहीच.

पण भावजी भिडस्त. डॉक्टरांना तेच सांगितलं आणि केसपेपरवर 'घरी पडल्यामुळे' असं लिहून आलं. एक्स-रेमध्ये हाड शाबूत. ईएसआयकडून रजा मिळाली ती आजारपणाची. आज साडेतीन आठवडे झाले, संध्याकाळ झाली की घोटा टम्म फुगतो. कॉन्ट्रॅक्टरनं जागेवर दुसरा माणूस घेतलाय. विचारलं तर म्हणतात, तुझा पाय घरी मोडला, आम्ही काय करू?

मधल्या काळात सासूबाईंनी रक्तबोळाचा लेप दिला, गल्लीतल्या पायाळू आजींना बोलावून त्यांचा पाय लावून घेतला. तेही झालं.

प्रश्न दोन. एकदा कागदावर 'घरी' लिहिलं गेलं तर ते बदलता येतं का? आणि नुसत्या मुरगळण्याला भरपाई असते का?

---

फेटलिंगवाला | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

वहिनी, हा जिना मी ओळखतो. बावीस वर्षं फौंड्रीत काढली, त्यातली आठ सुपरवायझर म्हणून. बेळगावच्या निम्म्या फौंड्री कामगारांच्या घरी कागदोपत्री जिना आहे, बाथरूमची फरशी ओली आहे आणि म्हैस लाथा मारते.

गेटजवळ पांढरा बोर्ड असतो, 'अपघाताविना दिवस' म्हणून. आमच्याकडे तो आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. बाहेरच्या मोठ्या कंपनीचे लोक ऑडिटला यायचे तेव्हा आधी त्या बोर्डाशी उभं राहून फोटो. मग एखाद्याचा घोटा मुरगळला म्हणून तो आकडा शून्यावर कोण आणणार? बोट तुटलं तर लपवता येत नाही, रक्त दिसतं. लचक, उसण, खांदा उखडणं, हे सगळं लपतं.

मीही दोघातिघांना असं घरी पाठवलंय. लिहायला लाज वाटते, पण पाठवलंय.

भावजींना विचारा: त्या दिवशी गेटवर बाहेर जाण्याची वेळ लिहिली का? जोडीदाराला किंवा घरी मोबाइलवर काही कळवलं का?

---

शिरस्तेदार | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

ताई, मी वकील नाही. कोर्टात शिरस्तेदार होतो, अशा फायली तीस वर्षं हातातून गेल्या. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो.

ईएसआय कापला जातो म्हणजे १९४८ चा कायदा. त्यात आजारपण वेगळं आणि कामावरची दुखापत वेगळी. आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के, तेही पहिले दोन दिवस सोडून आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. शिवाय आधी पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या दुखापतीत ९० टक्के, आणि कामावर रुजू झालेल्या पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता येऊ नये.

रोज ५०० पडतात असं धरा. सहा आठवड्यांचे ९० टक्क्यांनी १८,९०० होतात. आजारपणाच्या हिशोबानं १४,०००. फरक ४,९००. हा फरक आज दिसतो. उद्याचा मोठा आहे: घोटा कायमचा ढिला राहिला तर अधूपण ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे जायचा रस्ता फक्त कामावरच्या दुखापतीला आहे. 'घरी पडलेल्या'ला नाही.

आता पहिला प्रश्न. केसपेपर हा पुरावा आहे, शेवटचा शब्द नाही. कारखान्यात अपघात नोंदवही ठेवायची असते, फॉर्म ११. त्यात नोंद झाली की ती कामगारानं दिलेली सूचनाच मानतात. ती केली नसेल तर सूचना तोंडी चालते, लेखी चालते, कामगाराच्या वतीनं दुसऱ्यानं दिलेलीही चालते. मग मालकानं फॉर्म १२ मध्ये अपघाताचा अहवाल पाठवायचा. उद्याच मालक आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांना लेखी द्या, एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात देऊन पोच घ्या. अर्जात 'घरी' का सांगितलं तेही लिहा. लपवू नका. एका खोट्यावर दुसरं रचलं की पहिलंही खरं वाटायला लागतं.

---

फिजिओ_टिळकवाडी | १० ऑक्टोबर, दुपारी २:३०

कायद्याचं मोठ्यांवर सोडते. 'नुसता मुरगळला' या शब्दावर माझा राग आहे, तेवढं बोलते.

सांध्यातली दोन हाडं बांधून ठेवणारा जो दोर, तो ताणला किंवा फाटला की मुरगळणं. स्नायू किंवा त्याची कंडरा ताणली की लचक, आणि कमरेत झाली की उसण. घोटा आत वळला की बाहेरच्या घोट्याच्या पुढे असलेला बंध आधी जातो. थोडा ताणला तर पहिली पायरी, अर्धवट फाटला तर दुसरी, पूर्ण तुटला तर तिसरी. एक्स-रेत हाड दिसतं, बंध दिसत नाही. म्हणजे 'एक्स-रे नॉर्मल' याचा अर्थ हाड मोडलेलं नाही, एवढाच. कट्ट आवाज आणि महिन्याने सूज, हे ऐकून मला ही पहिली पायरी वाटत नाही. पाय बघितल्याशिवाय याहून पुढे बोलणार नाही.

एक्स-रे कधी काढावा याचा एक साधा नियम आहे, १९९२ साली कॅनडातल्या ओटावात तयार झालेला. लागल्यावर आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की दुखत असेल, तर काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मधोमध जे हाड वर येतं, तिथे दुखलं तरी काढायचा.

पहिले दोनतीन दिवस चोळायचं नाही. शेक नाही. आमच्याकडे निम्मे पेशंट तेल चोळून, नस 'बसवून' मगच येतात, आणि दोन आठवड्यांचं दुखणं दोन महिन्यांचं होऊन येतं. बर्फाचंही एक गमतीदार आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच, हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं, आणि पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीनं बरं व्हायला उशीर लागू शकतो. दुखणं कमी करायला बर्फ ठीक. पण महिनाभर खाटेवर पाय ठेवून बसणं हा उपचार नव्हे. सोसेल तेवढं लवकर चालतं करायचं.

पायाळू आजींबद्दल तक्रार नाही, त्यांनी नुसता पाय लावला. चोळला नाही ना?

---

येळ्ळूरकरीण | १० ऑक्टोबर, रात्री ८:५०

नाही हो, नुसता लावला. चोळायला दुसरे एक मामा आले होते, तिसऱ्या दिवशी. मोहरीचं तेल. भावजी कळवळले होते.

फेटलिंगवाला, विचारलं. गेटच्या रजिस्टरला ११:४० ची सही आहे. आणि हे महत्त्वाचं असेल बहुतेक: ११:२२ ला जोडीदारानं त्यांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. भावजी वाळूच्या ढिगावर बसलेले, बूट काढलेला, खाली "आमच्या पैलवानाची विकेट". मागे बॉक्स दिसतोय.

---

फेटलिंगवाला | १० ऑक्टोबर, रात्री ९:०२

वहिनी, तो फोटो जोडीदाराच्या मोबाइलमधून डिलीट होण्याआधी चार ठिकाणी ठेवा. उद्याच.

---

खडेबाजार | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

सगळे मालकावर घसरलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं छोटं मशीन शॉप आहे, चौदा माणसं. सोमवारी दारू उतरलेली नसताना पाय मुरगळलेला, रविवारी क्रिकेट खेळताना खांदा गेलेला, सगळे 'कामावर लागलं' म्हणून येतात. उसणीचं तर बघायलाच नको, ती कुठल्या यंत्रात दिसते? खरं-खोटं आम्ही कसं ठरवायचं? आणि अपघात लिहिला की फॅक्टरी इन्स्पेक्टरची भीती वेगळी.

---

शिरस्तेदार | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

साहेब, प्रश्न रास्त आहे. पण ठरवायचं तुम्ही नाहीच. तुम्ही लिहायचं. ठरवणं ईएसआयचं काम. तुम्ही ३.२५ टक्के भरताय, कामगार ०.७५ भरतोय. अपघात नोंदवला म्हणून ९० टक्के तुमच्या गल्ल्यातून जात नाहीत, ते ईएसआय देतं, आणि एकदा तिथं हक्क लागला की त्याच दुखापतीसाठी तुमच्यावर वेगळा भरपाईचा दावाही होत नाही. विमा काढून विमा लपवण्यासारखं झालं हे. राहता राहिला इन्स्पेक्टर. दुखापतीमुळे माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कळवणं फॅक्टरी कायद्यानं तसंही बंधनकारक आहे. न कळवलेला अपघात उघडा पडला तर भीती जास्त.

कामाच्या वेळेत घडलेला अपघात, उलट पुरावा नसेल तर, कामामुळेच घडला असं कायदा धरून चालतो.

उसणीला 'अपघात' म्हणावं का, हा वाद शंभर वर्षं जुना आहे. इंग्लंडात एका कामगारानं यंत्राचं अडकलेलं चाक जोर लावून फिरवलं आणि त्याला अंतर्गळ झाला. घसरला नाही, पडला नाही, वरून काही कोसळलं नाही. मालक म्हणाला, अपघात कुठाय? १९०३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, ध्यानीमनी नसताना झालेली इजा हाच अपघात. फेंटन विरुद्ध थॉर्ली. आपल्याकडच्या वकिलांच्या तोंडी अजून आहे.

---

खडेबाजार | ११ ऑक्टोबर, दुपारी १:१०

त्याच दुखापतीचा वेगळा दावा होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा कन्सल्टंट दर महिन्याला चलन भरतो आणि बिल पाठवतो, बस्स.

---

निपाणीचा_बापू | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

ईएसआयवाल्यांचं बरं हाय गा. आमचा बा यार्डात हमाल. पन्नास किलोचं पोतं पाठीवर, असं दिवसाला किती, मोजलं न्हाई कुणी. दोन वर्साखाली फळीवरनं उतरताना कंबर धरली ती धरलीच. अडत्यानं पाचशेची नोट दिली, म्हनला जा, शेकून घे. पलीकडं कागलात माझा मामा हमालच हाय, त्येच्याकडं माथाडीचं कार्ड, फंड, सगळं. हद्द आडवी आली आन् कायदा पलीकडंच ऱ्हायला. आमास्नी काय मिळतंय का न्हाई?

---

पुण्याचा_पाहुणा | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

म्हणूनच सीमाभाग महाराष्ट्रात आला पाहिजे! सगळ्या समस्यांचं मूळ हेच आहे.

---

येळ्ळूरकरीण | ११ ऑक्टोबर, रात्री ११:१२

दादा, आम्ही येळ्ळूरचे आहोत, हे आम्हाला नव्यानं सांगू नका. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. बापूच्या बाबांच्या कमरेवर बोला.

---

शिरस्तेदार | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

बापू, माथाडीचा कायदा १९६९ चा आणि महाराष्ट्राचा, तो हद्दीअलीकडे लागू नाही, हे खरं. पण १९२३ चा भरपाई कायदा सगळ्या देशाचा आहे. ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी तोच. पूर्वी रोजंदारीच्या तात्पुरत्या माणसाला त्यात जागा नव्हती, २००० सालच्या दुरुस्तीनं ती अट गेली.

त्यात काय मिळतं: तीन दिवसांच्या वर काम बंद राहिलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मी मजुरी, जास्तीत जास्त पाच वर्षं. मजुरी १५,००० पेक्षा जास्त असली तरी हिशोब १५,००० वरच होतो. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा. कायमचं अधूपण राहिलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली ते डॉक्टर लिहितो. वय ३०, मजुरी १२,००० आणि दहा टक्के नुकसान धर: मजुरीचे ६० टक्के ७,२००, गुणिले त्या वयाचा तक्त्यातला आकडा २०७.९८, आणि त्याचे दहा टक्के. दीड लाखाला अडीचशे कमी. पाचशेच्या नोटेशी ताडून बघ.

'आपसात मिटलं' म्हणून कुणी अंगठा घेतला असेल तर हक्क सोडल्याचा तो करार कायद्यानं रद्द.

अडचण दोन ठिकाणी आहे. दावा दोन वर्षांच्या आत घालायचा असतो, तू 'दोन वर्षाखाली' म्हणतोस. नेमकी तारीख काढ, आजच. उशिराला सबळ कारण असेल तर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नको. दुसरी अडचण मोठी: मालक कोण? दहा अडत्यांची पोती वाहणाऱ्याचा मालक ठरवताना फायली लोंबकळलेल्या मी बघितल्यात. त्या दिवशी कुणाचा माल उतरत होता, कुणाच्या वहीत हमाली पडली, ते शोध.

कर्नाटकात हे अर्ज सिनियर सिव्हिल जज्जांपुढे चालतात. फीला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच कायदे सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. वकील फुकट मिळतो, किंवा १५१०० ला फोन लाव. कागद कन्नडमध्ये येतील, घाबरू नको. उळुकु म्हणजे मुरगळणं, लचक. हा एक शब्द माझ्याकडून घे.

---

वडगावची_ताई | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

आमच्याकडे माग आहेत. माझा उजवा खांदा आणि मनगट चार वर्षं दुखतंय. एका दिवशी काही झालं नाही, हळूहळू चढत गेलं. याला काही?

---

शिरस्तेदार | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

खोटी आशा दाखवत नाही, ताई. ज्या दुखण्याला तारीख नाही ते या कायद्यात बसवणं फार अवघड. आणि माग घरचाच असेल तर मालक तुम्हीच.

---

फिजिओ_टिळकवाडी | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

ताई, भरपाईचं नाही पण खांद्याचं बघू. बसायची फळी उंच करून बघा, कोपर खांद्याच्या वर जाता कामा नये. मनगटाला मुंग्या येतात का, रात्री जास्त येतात का, ते मात्र कळवा. त्याचं कारण वेगळं असू शकतं.

---

येळ्ळूरकरीण | १८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

अर्ज दिला. तिन्ही ठिकाणी. कॉन्ट्रॅक्टरनं पोच द्यायला नकार दिला म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवला. मालकाच्या ऑफिसात म्हणाले की सेफ्टी शूज घातले नव्हते, चूक त्याचीच. फोटोत बूट शेजारीच पडलाय, पण साधा आहे, कंपनीचा नाही. कंपनीनं दिलेला मार्चमध्येच फाटला, दुसरा मिळाला नाही. हे नडेल का?

---

शिरस्तेदार | १९ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

कामगार मालकाच्याच कामात गुंतलेला होता ना? मग नियम मोडून काम करत असला तरी ईएसआय कायद्यात अपघात कामाचाच धरतात. इथं तर बूट त्यांनीच दिला नाही. फाटलेला जुना बूट टाकून दिला असेल तर उकिरड्यातून काढून ठेवा.

आणि कॉन्ट्रॅक्टरनं माणूस बदलला असं म्हणालात. तात्पुरत्या दुखापतीचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. तोंडी न सांगता कागदावर सांगा.

---

फेटलिंगवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. २१ तारखेपासून चारही लेबर कोड लागू झाले. १९२३ आणि १९४८ दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. वहिनींच्या केसवर फरक पडेल का?

---

शिरस्तेदार | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

अपघात सप्टेंबरचा, तेव्हा जो कायदा होता तोच. आता पुढे लागलं तरी तीन दिवसांची अट, पंधरवड्याचे २५ टक्के, दोन वर्षांची मुदत ही चौकट संहितेत तशीच आहे. कलमांचे आकडे मात्र नव्यानं पाठ करावे लागणार. या वयात!

---

येळ्ळूरकरीण | १४ डिसेंबर, रात्री ८:२०

शाखा कार्यालयात भावजींचा आणि जोडीदाराचा जबाब झाला. जोडीदार आधी तयार नव्हता, त्याचीही हजेरी त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे. शेवटी आमच्या सासूबाई त्याच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत. गेटचं रजिस्टर मागवलं, ११:४० ची सही जुळली. गेल्या आठवड्यात कामावरची दुखापत म्हणून मान्य झालं. फरकाचे पैसे अजून यायचेत.

भावजी आता कोअर शॉपला आहेत, बसून काम. गेटवरचा बोर्ड तसाच आहे, आकडा वाढतोच आहे म्हणे. त्यांनी तो बदलायला सांगितला नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

फिजिओताई, घोटा अजून खडबडीत रस्त्यावर दगा देतो. सूज कमी आहे.

---

निपाणीचा_बापू | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

शिरस्तेदार काका, तारीख घावली. ४ जानेवारी २०२४. बाच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर हाय. तीन आठवडं ऱ्हायल्यात. उद्या सकाळच्या पयल्या गाडीनं वकिलाकडं जाऊलोय.

---

फिजिओ_टिळकवाडी | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

बापू, चिठ्ठीची झेरॉक्स काढ, मूळ चिठ्ठी कुणाला देऊ नकोस.

वहिनी, दगा देतो म्हणजे बंधाबरोबर तोल सांभाळायची सवयही गेलीय. रोज सकाळी दात घासताना डाव्या पायावर उभं राहायला सांगा, भिंत हाताशी ठेवून. अर्धं मिनिट जमलं की डोळे मिटून. पहिल्या आठवड्यात ब्रश तोंडातून पडतो, चालतं.

---

येळ्ळूरकरीण | १५ डिसेंबर, सकाळी ७:३०

आज पाच सेकंद. सासूबाईही शेजारी उभ्या राहिल्या, त्या वीस.